पॉझचं बटण

मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एखाद्या वर्गात चार-पाच माणसं यंत्राभोवती उभी असतात. रात्र तिथेच सतरंजीवर काढलेली, डास आणि उकाड्यामुळे झोप अर्धवट. हिंगोली लोकसभा मतदारसंघात २०१९ साली १८ एप्रिलला मतदान झालं आणि २०२४ साली २६ एप्रिलला. मराठवाड्यात हे दिवस कसे असतात ते सांगायला नको. सातला खरं मतदान सुरू होणार. त्याआधी अभिरूप मतदान, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ‘मॉक पोल’, उरकायचा असतो. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतं टाकायची, मग कंट्रोल युनिटवर क्लोज, रिझल्ट, आकडे जुळवायचे, आणि शेवटी क्लिअर. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या बाहेर काढायच्या, मागे ‘मॉक पोल’चा शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून ते सील करायचं, पेटी रिकामी असल्याचं एजंटांना दाखवायचं. यातलं ‘क्लिअर’ राहिलं तर सरावाची मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि मतमोजणीच्या दिवशी त्या केंद्राचं काय करायचं हा निराळा प्रश्न उभा राहतो.

केंद्राध्यक्ष बहुधा शिक्षक, नाहीतर कुठल्यातरी खात्यातला कर्मचारी. वर्षभर त्याचा या यंत्राशी संबंध नसतो. तो हे सगळं शिकतो तालुक्याच्या ठिकाणी, सभागृहात, निवडणुकीच्या प्रशिक्षणात. एका दृष्टीनं पाहिलं तर हिंगोलीसारख्या जिल्ह्यातलं हे सर्वांत मोठं ‘वर्कप्लेस ट्रेनिंग’. कंपन्यांचे मजले इथे नाहीत. पण कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत आणि हिंगोली या पाचही तालुक्यांतला शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, लिपिक एका ठरावीक दिवशी चूक न करता एकच काम करतो. त्याला ते कुणीतरी शिकवलेलं असतं.

शिकवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली सगळ्यांच्या ओळखीची. समोर पुस्तिका, व्यासपीठावर वाचणारे साहेब, मागच्या रांगेत मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर. दुसऱ्या तऱ्हेत पडद्यावर दोन-तीन मिनिटांची चित्रफीत लागते. केंद्राध्यक्ष यंत्रासमोर बसलाय, पन्नासावं मत पडलंय, त्याचा हात बटणाकडे निघालाय. आणि इथे प्रशिक्षक चित्र थांबवतो.

“आता सर काय करतील?”

सभागृहाच्या एका कोपऱ्यातून येतं, “क्लोज.” दुसरीकडून, “आधी एजंटाला मोजायला सांगा की!” तिसरा म्हणतो, “क्लिअर.” त्याला शेजारचा कोपरानं ढोसतो, “अरे, रिझल्ट बघायच्या आधीच क्लिअर?” दोन मिनिटं गलका होतो, आणि शिक्षण याच दोन मिनिटांत होतं. चित्रफितीनं एवढंच केलं, की शंभर माणसांच्या डोळ्यांसमोर एकच हात, एकाच बटणापासून चार बोटांवर आणून उभा केला. छापील पुस्तिकेला हे जमत नाही. वाक्य वाचताना प्रत्येकाच्या मनातला हात वेगळा असतो; बऱ्याच जणांच्या मनात तर हातच नसतो.

चित्रपटाला शिकवण्याच्या कामाला लावायची कल्पना आपल्याकडे काल-परवाची नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आणला हे शाळकरी मुलालाही माहीत असतं. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ थोडी थोडी करत कॅमेऱ्यात धरली होती हे तितकं माहीत नसतं. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल होतो, आणि हे सगळं काही क्षणांत. पैसे देऊ शकणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याची करामत पटवायला तो प्रयोग होता, पण त्यातली खरी युक्ती शिक्षकाची आहे. डोळ्यांना न दिसणारी संथ गोष्ट दिसण्याजोगी करायची. पुढे फाळक्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावर एक छोटी फिल्म केली आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारीही एक केली. तळेगावचा कारखाना म्हणजे पैसाफंडाचा, माणशी एक पैसा गोळा करून उभा राहिलेला. तिथून शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांनी देशात इतरत्र काचेचं काम नेलं. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या बाल्यावस्थेतच कॅमेरा भट्टीसमोर जाऊन उभा राहिला होता. नंतर आपण त्याला देवादिकांत आणि नाचगाण्यांत इतकं रमवलं, की ही वाट जवळजवळ विसरलो.

अमेरिकेत साधारण त्याच काळात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे दांपत्य कामगारांच्या हालचाली फिल्मवर घेत होतं, चौकटीत घड्याळ ठेवून. किती सेकंदांत हात कुठे गेला हे मोजायचं, फालतू हालचाल काढून टाकायची. कामगारांना ते नेहमीच आवडलं असं नाही; कॅमेरा शिकवायला आलाय की पाळत ठेवायला, हा संशय तेव्हाचा आहे आणि आजही खोटा म्हणता येणार नाही. १९७२ साली इंग्लंडमध्ये जॉन क्लीज या विनोदी नटानं काही मित्रांबरोबर ‘व्हिडिओ आर्ट्स’ ही प्रशिक्षणपटांची कंपनी काढली. त्यांचा १९७६ चा एक गाजलेला पट कार्यालयीन बैठकांवर आहे. सतत रटाळ बैठका घेणाऱ्या अधिकाऱ्यावर स्वप्नात खटला भरला जातो, आणि आरोपी व न्यायाधीश दोन्ही भूमिका क्लीजच्याच. विषयपत्रिका नाही, वेळेचं भान नाही, निर्णय लिहून ठेवले नाहीत, असे आरोप एकेक करून वाचले जातात. आपल्याकडची आढावा बैठक ज्यांनी दुपारी चारपर्यंत उपाशीपोटी सोसली आहे, त्यांना याचं भाषांतर लागणार नाही. क्लीज मंडळींनी हेरलेली गोष्ट साधी होती. चूक करणाऱ्यावर माणूस मोकळेपणानं हसला, की स्वतःची चूक कबूल करायला त्याला फारसं जड जात नाही.

पण हिंगोलीला क्लीज कशाला हवा? इथून थोड्याच अंतरावर नर्सी आहे. नामदेवांचं गाव. वारकरी परंपरा कीर्तनाचा मान ज्यांना देते ते नामदेव. कीर्तनकार काय करतो ते एकदा प्रशिक्षकाच्या नजरेनं बघा. तो एक अभंग घेतो, सगळी गाथा नाही. एका चरणाशी थांबतो. टाळ थांबतात. मग तो दृष्टांत देतो, एखाद्या सासू-सुनेचा, सावकाराचा, वाट चुकलेल्या वाटसरूचा. दृष्टांत दोन-चार मिनिटांचा. त्यापेक्षा लांबला तर मंडळी चुळबुळायला लागतात. ऐन रंगात आला की तो मध्येच तोडतो आणि समोरच्या म्हाताऱ्याला विचारतो, “काय आजोबा, तुम्ही काय केलं असतं?” हशा पिकतो, आणि त्या हशाच्या पाठीवर बसून मूळ चरण पुन्हा येतो. छोट्या चित्रफितीनं प्रशिक्षण द्यायचं म्हणजे दृष्टांताचं कीर्तन करायचं. चित्रफीत हा दृष्टांत. नुसता दृष्टांत सांगून खाली बसणाऱ्याला कुणी कीर्तनकार म्हणत नाही, आणि नुसती चित्रफीत लावून चहाला जाणाऱ्याला प्रशिक्षक म्हणू नये.

या ‘थांबण्या’चा सर्वांत चांगला पुरावा शेतीतून आलेला आहे. २००६ साली बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात रिकीन गांधी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला, तो पुढे ‘डिजिटल ग्रीन’ नावानं जगभर गेला. शेतीतज्ज्ञाला कॅमेऱ्यासमोर बसवून भाषण करायला लावण्याऐवजी त्यांनी गावातल्याच शेतकऱ्याला त्याच्याच शेतात काम करताना टिपलं, आणि ती छोटी फीत शेजारच्या गावात दहा-वीस जणांच्या गटाला दाखवली. दाखवणारा गावातलाच एक जण. तो मध्येमध्ये फीत थांबवायचा, प्रश्न विचारायचा, कोण काय करून बघणार ते लिहून घ्यायचा. नेहमीच्या कृषी विस्तार पद्धतीच्या मानानं नव्या गोष्टी उचलणाऱ्यांचं प्रमाण या गावांत सुमारे सातपट निघालं. प्रयोग थोड्याच गावांतला होता, तेव्हा सातपट हा आकडा डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. फीत पाहून शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न खताचा किंवा बियाण्याचा नसायचा. ते विचारायचे, हा माणूस कोण, कोणत्या गावचा?

हिंगोलीतल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. सेनगावच्या माणसाला पुण्याच्या स्टुडिओत इस्त्रीचा सदरा घालून ‘शेतकरी बंधूंनो’ म्हणणारा नट दाखवा. तो बघेल, पण शिकणार नाही. त्याच्याच शिवारातला कुणी, पायात चिखल, मागे ओळखीची टेकडी, आणि बोलताना ‘करायलो’, ‘जायलो’ म्हणणारा, पडद्यावर आला की खुर्च्या पुढे सरकतात. “ह्याला जमतंय तर मला का नाही?” हा विचार ज्ञानापेक्षा जास्त काम करतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून दाखवली ती पानी फाउंडेशननं. आमीर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ ही माणसं सिनेमा-दूरचित्रवाणीतली. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत त्यांनी पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली. दोन वर्षांत ती ७५ तालुक्यांत पोचली. बातम्यांत श्रमदान आणि बक्षिसं आली. त्यामागे प्रशिक्षण होतं आणि त्या प्रशिक्षणात फिल्म होती, हे कमी लोकांनी पाहिलं. पाणलोटाचं काम म्हणजे माथा ते पायथा, सलग समतल चर, बांध, शोषखड्डे. हे शब्द गावकऱ्याला सरकारी फलकांवरून पाठ असतात, आणि तरी समपातळी रेषा म्हणजे काय हे विचारलं तर तो आभाळाकडे बघतो. फिल्ममध्ये पाणी टेकडीवरून धावताना दिसतं, चरात अडतं, जिरतं. मग फिल्म बंद. लोकांना टेकडीवर नेलं जातं आणि हातात हायड्रोमार्कर दिला जातो. दोन मोजपट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडचं पाणी एकाच आकड्यावर आलं की दोन्ही जागा एका पातळीत. नळीत बुडबुडा राहिला की सगळं चुकतं, आणि बुडबुडा राहतोच. तो काढायला टिचकी कशी मारायची हे फिल्म सांगू शकते. टिचकी मात्र बोटानंच शिकावी लागते.

चित्रफीत किती लांब असावी, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षक विचारतो. २०१४ साली फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या सुमारे ६९ लाख पाहण्यांची नोंद तपासली. लोक लक्ष देऊन पाहतात ते सहा मिनिटांच्या आतलं, असं त्यातून दिसलं. तेव्हापासून ‘सहा मिनिटं’ हा मंत्र झालाय. तो थोडा जपून म्हणावा. ती मंडळी आपल्या खोलीत, आपल्या मर्जीनं बघणारी होती. हळदीच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या मजुराची गोष्ट वेगळी. माझा हिशेब सोपा आहे. एका फितीत एकच निर्णय. तो दीड मिनिटात दाखवता आला तर दीड मिनिट. दुसरा निर्णय आला की दुसरी फीत. आपल्या डोक्यात एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी मावतात, आणि मध्ये थांबा मिळाला तरच त्या आत जाऊन बसतात.

आता हळदीकडे येऊ, कारण हिंगोलीचा खरा कारखाना तोच. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. वसमतलाच बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. तांत्रिक सल्ला द्यायला माणसं आहेत. पण हळदीचा भाव ज्या घटकेला ठरतो, त्या घटकेला कढईजवळ किंवा बॉयलरजवळ मजूर एकटा असतो. हळद कमी शिजली तर वाळल्यावर आतून ठिसूळ राहते. जास्त शिजली तर रंग जातो. गड्डे आणि हळकुंडं वेगळी शिजवायची, कारण गड्ड्याला वेळ जास्त लागतो. घाईच्या दिवशी हे सगळं कळूनही एकाच पिंपात पडतं.

यावर फीत करायची झाली तर काय दाखवाल? ड्रोननं टिपलेलं हिरवं शिवार आणि मागे बासरी नको. पहिलं दृश्य पिंपाचं झाकण. दुसरं, वर येणारा पांढरा फेस. तिसरं, जवळून एक हळकुंड, त्यात टोचली जाणारी बारीक काडी, अडते. इथे थांबवा. “काढायची का?” उत्तरं येऊ द्या. पुढे पुन्हा तीच काडी, आता सहज आत जाते. पुन्हा थांबवा. शेवटचं दृश्य दहा-पंधरा दिवसांनंतरचं, वाळलेलं हळकुंड हातात घेऊन मोडायचं. चांगलं वाळलेलं असेल तर मोडताना खणखणीत, धातूसारखा आवाज येतो. हा आवाज मोबाइल उत्तम टिपतो. फक्त टिपताना शेजारचं ट्रॅक्टर बंद करायला सांगा. फाळक्यांच्या वाटाण्यासारखंच हे. पंधरा दिवस दोन सेकंदांत.

आणि कॅमेऱ्याला काय येत नाही? वास. शिजत आलेल्या हळदीच्या वाफेला जो विशिष्ट वास सुटतो, त्यावरून जुनी माणसं कढई उतरवतात. अंगठ्याखाली हळकुंड किती दबलं पाहिजे, तेही पडद्यावर कळत नाही. म्हणून फीत थांबली की एका ताटात तीन हळकुंडं फिरवायची, एक कच्चं, एक बरोबर, एक जास्त शिजलेलं. ज्यानं फीत पाहिली आणि ताटाला हात लावला नाही, त्याचं प्रशिक्षण अर्धंच झालं.

तयार चित्रपटांतले तुकडे दाखवण्याची हौसही पुष्कळ आहे. ‘लगान’ आणि ‘चक दे! इंडिया’ यांनी व्यवस्थापनाच्या वर्गांत जितक्या चकरा मारल्या, तितक्या थिएटरातही मारल्या नसतील. मला त्यांचा कंटाळा आलाय. सामना जिंकून दिल्यावर टाळ्या पडतात आणि मंडळी जेवायला जातात. कुणाला काय शिकायचं होतं ते राहून जातं. त्यापेक्षा बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ काढा. बारा माणसं एका खोलीत, अकरा एकीकडे आणि एक जण दुसरीकडे. पहिलं मतदान झालं की बंद करा आणि विचारा, तुमच्या समितीत शेवटचा वेगळा हात कधी वर झाला होता? एक सावधगिरी मात्र हवी. शिक्षणासाठी कायद्यात जी सवलत आहे ती मुख्यतः शिक्षणसंस्थांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहे. फी घेऊन प्रशिक्षण देणाऱ्यानं परवानगी घ्यावी. स्वतःच्या मोबाइलवर काढलेल्या फितीला हा व्याप नाही.

चित्रफितीनं एक वाईट सवयही आणली आहे. लिंक ग्रुपवर टाकली की प्रशिक्षण झालं, असं आता मानलं जातं. फोन उपडा ठेवून, आवाज बंद करून, फीत आपोआप संपू द्यायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, हे कोणत्या खात्यात होत नाही? शंभर टक्के पूर्णतेचा तो तक्ता वर जातो आणि सगळे सुखी राहतात. पैनगंगेपलीकडे यवतमाळात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. पीक माणसाच्या उंचीला आलेलं, पंप जास्त दाबाचे, हवा दमट, तोंडावर फार तर एक रुमाल. प्रत्येक बाटलीवर सूचना छापलेली होती. त्या मजुरांना सूचनेची कमतरता नव्हती. वाऱ्याची दिशा बदलली तेव्हा “आता थांब” म्हणणारं जवळ कुणी नव्हतं. अशा कामासाठी फीत करायची तर ती बांधावर, फवारणी सुरू व्हायच्या आधी, पाच माणसांच्या घोळक्यात दाखवावी. वाऱ्याबरोबर फवारा अंगावर येतो तिथे थांबवावी, आणि प्रत्येकाला उठून वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायला सांगावं. कोण चुकीच्या बाजूला तोंड करून उभा आहे ते तिथल्या तिथे दिसतं.

हे सगळं करायला लागतं काय? एक बरा मोबाइल, ऊन कमी असतानाची सकाळ, काम येणारा एक माणूस, आणि ‘जरा थांब, हात पुन्हा दाखव’ म्हणण्याची चिकाटी. पडद्याऐवजी मंदिराच्या ओसरीवरची भिंत चालते. हळद शिजवायचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि एकदा सुरू झाला की कुणाला मान वर करायला सवड नसते. तेव्हा यंदा पहिल्या पिंपाशी उभं राहून फीत काढून ठेवा, ती पुढच्या जानेवारीत दाखवा, आणि दाखवताना मोबाइल स्वतःच्या हातात ठेवा.